हिरवळीवर चालू नये

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्या सरांनी मला आठवी ते दहावी भूगोल शिकवला. नकाशा भिंतीवर टांगला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : "इथं पाऊस किती?" देश कुठलाही असो. राजधानी, नद्या, पिकं हे सगळं त्यानंतर. उत्तर आलं नाही तर पट्टी. मला ती बरेचदा मिळाली आहे. पुढं एका महापालिकेच्या उद्यान विभागात मी २८ वर्षं काढली, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न आमच्या खात्यात कुणी कधी विचारतच नाही. बागेचा आराखडा येतो, अंदाजपत्रक येतं, निविदा निघते, फीत कापली जाते. पाऊस किती, हे कुठल्याच रकान्यात नसतं.

आज मला गवताविषयी बोलायचं आहे. निमंत्रणपत्रिकेत 'लॉन' हा शब्द वाचून एका स्नेह्यांनी फोन केला, "लग्नसराईवर बोलणार की काय?" त्यांची चूक नाही. आपल्याकडं लॉन म्हणजे आधी कार्यालय. अक्षता, बुफे, आणि दुसऱ्या दिवशी चिखलात रुतलेले खुर्च्यांचे पाय. त्याबद्दलही बोलता येईल, पण आज सार्वजनिक बागांपुरतं.

नोकरीच्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. नव्या बागेत लॉन लावायचं होतं. हरळीचे ठोंब आले. आमचे मुकादम सांगोल्याकडचे, बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून आलेले. ठोंबांची पोती बघून ते बराच वेळ हसत राहिले. म्हणाले, "साहेब, माझ्या बापाचा जन्म गेला रानातली हरळी खणून काढण्यात. कुदळीनं कंबर मोडली त्याची. आणि तुम्ही मला ही लावायचा पगार देता?" हरळीची मुळी हा वाक्प्रचार आपण कुणाच्या हट्टीपणाला लावतो, पण शेतकऱ्याला तो शब्दशः माहीत असतो. वाफसा आला की एक कांडं राहिलं तरी महिन्याभरात वाफा भरून टाकणारं हे गवत. त्याच गवताला शहरात आल्यावर रोज पाणी, दर पंधरवड्याला मशीन, वर्षाला दोनदा खत. गणपतीला जुडी वाहतो तीच दूर्वा, तीच हरळी, आणि इंग्रजी नाव घेतलं की तेच लॉन.

आता सरांच्या प्रश्नाकडं येतो.

पावसाचा १ मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. हे एवढं लक्षात ठेवलं की बाकीचा हिशेब तोंडी होतो. आपल्या देशावरच्या उन्हाळ्यात कापलेलं गवत हिरवंगार ठेवायचं तर दिवसाला ५ मिलिमीटर पाणी धरावं लागतं, आणि हा मी हात राखून सांगतो आहे. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. म्हणजे रोज २०,००० लिटर. दहा हजारी टँकर असेल तर दोन खेपा. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा आपल्याकडचा मापदंड आहे. त्या मापानं एका एकराचं गवत १५० माणसांचं पाणी पितं. माणसांना मिळतं का, हा वेगळा विषय.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, ती तुम्हाला आठवत असेल. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. साऱ्या देशानं ती टीव्हीवर पाहिली. मी त्या दिवशी कार्यालयात बसून भागाकार केला : ५ लाख भागिले २० हजार. पंचवीस. आमच्या शहरात त्याहून जास्त एकर लॉन होतं. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. खेळपट्ट्यांच्या पाण्यावर चर्चासत्रं झाली. तिकडं निदान कुणीतरी खेळत तरी होतं. आमच्या चौकांमधल्या, दुभाजकांवरच्या, पुतळ्यांभोवतीच्या गवताबद्दल एकही याचिका झाली नाही.

या बाबतीत ज्या शहराकडं मी सर्वात जास्त बघत आलो, ते निवडायला विचित्र आहे. जुगारासाठी प्रसिद्ध असलेलं लास वेगास. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ कुरणं. वाळवंटाच्या मधोमध तिथं जिवंत झरे होते, त्यांच्या ओलीवर गवत वाढायचं, प्रवासी तिथं जनावरं थांबवायचे. १९०५ साली रेल्वेनं जागेचा लिलाव केला आणि शहर उभं राहिलं. मग उपसा इतका वाढला की १९६२ पर्यंत ते झरे आटले. कुरणं गेली, नाव राहिलं. आणि त्यानंतर शहरानं घरोघरी खोटी कुरणं लावली.

तिथं पाऊस किती? वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या माणदेशात एखाद्या बऱ्या आठवड्यात पडतो तेवढा. आणि तिथल्या पाणी प्राधिकरणानं मीटर लावून मोजलं, तेव्हा लॉनच्या एका चौरस फुटाला वर्षाला ७३ गॅलन पाणी लागतं असं निघालं. आपल्या मापात सांगायचं तर जवळजवळ ३ मीटर उंचीचं पाणी. म्हणजे वाळवंटात प्रत्येक अंगणावर कोकणचा पाऊस पाडायचा उद्योग चालला होता, तोही नळानं. तिथल्याच कोरडवाहू झाडाझुडपांना याच्या पाव हिश्शाहूनही कमी पाणी पुरलं.

हे पाणी येतं कोलोरॅडो नदीतून. नेवाडा राज्याचा वर्षाचा वाटा १९२८ च्या कायद्यानं ठरला, ३ लाख एकर-फूट. टीएमसीत साधारण १३. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसीच्या घरात आहे, म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात त्यांना भागवायचं. १९२८ साली वाळवंटात कोण राहणार होतं? आज लास वेगासच्या खोऱ्यात वीस लाखांहून जास्त लोक आहेत.

इथं एक मेख आहे आणि ती नीट समजली तरच गवताचा मुद्दा कळतो. लास वेगासमध्ये घरात वापरलेलं पाणी, म्हणजे मोरीचं, संडासाचं, हॉटेलांच्या हजारो न्हाणीघरांचं, शुद्ध करून परत लेक मीड या जलाशयात सोडतात. जेवढं परत केलं तेवढं पुन्हा उचलायची मुभा मिळते. त्यामुळं पाहुण्यानं तासभर शॉवर घेतला तरी शहराच्या वाट्यातून फारसं काही जात नाही. जातं ते अंगणातलं. फवाऱ्यातून हवेत, गवतातून हवेत, परत येणं नाही. खजिन्याला भोक कुठं आहे हे त्या लोकांनी शोधलं, आणि ते गवतात सापडलं.

१९९९ पासून पाणी प्राधिकरण लोकांना पैसे देऊ लागलं : गवत काढा, चौरस फुटामागं इतके डॉलर घ्या. सुरुवातीचा दर एका डॉलरच्याही आत होता, पुढं तो तीन डॉलरवर आणि त्याच्याही वर गेला. २००२ साली नदीला येणारं पाणी सरासरीच्या पाव हिश्शावर आलं आणि सगळ्यांची झोप उडाली. २००३ पासून नव्या घरांसमोर लॉन लावायला बंदी. आजवर २० कोटी चौरस फुटांवर गवत निघालं आहे, साडेचार हजार एकरांहून जास्त. २००२ ते २०२१ या काळात तिथली लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास वाढली आणि नदीतून उचललेलं निव्वळ पाणी २६ टक्क्यांनी घटलं. हा आकडा मी प्रत्येक बैठकीत सांगायचो. आमचे अधिकारी मान डोलवायचे आणि पुढच्या विषयावर जायचे.

तरी संकट टळलं नाही. २०२२ च्या जुलैत लेक मीडची पातळी १९३७ नंतरच्या तळाला गेली. गाळात एका पिंपात जुना मानवी सांगाडा सापडला. आपल्याकडं उजनी आटलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, लोक दर्शनाला होडीनं जातात. ज्याच्या त्याच्या शहराच्या पोटात दडलेलं ज्याचं त्याला दिसतं.

त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, नेवाडानं एक कायदा केला. मला त्यातला एक शब्द फार आवडतो. त्यांनी गवताचे दोन वर्ग केले, कामाचं आणि बिनकामाचं. मुलं खेळतात, माणसं बसतात ते कामाचं. रस्त्याच्या कडेचं, दुभाजकांतलं, कचेऱ्यांपुढचं, नुसतं बघायचं ते बिनकामाचं. २०२६ संपल्यावर बिनकामाच्या गवताला कोलोरॅडोचं पाणी द्यायचं नाही. खाजगी घरं यातून वगळली, खेळाची मैदानंही वगळली. बिनकामाचं कसं ओळखायचं? तिथले लोक एक सोपी खूण सांगतात : ज्या गवतावर मशीन चालवणाऱ्या माळ्याखेरीज कुणाचं पाऊल पडत नाही, ते.

हे वाचलं त्या दिवशी मी खुर्चीतच हसलो. कारण आमच्या खात्याला ही खूण शोधायची गरजच नव्हती. आम्ही स्वतःच पाट्या लावल्या होत्या. लोखंडी, हिरव्या रंगाच्या, पांढऱ्या अक्षरांत : 'हिरवळीवर चालू नये. हुकमावरून.' अशा ४० पाट्यांच्या बिलावर माझी सही आहे.

हे चालू न देण्याचं गवत आलं कुठून, ते थोडक्यात सांगतो. इंग्लंडात बारमाही रिमझिम, ऊन बेताचं. तिथं गवत वाढू न देणं हाच प्रश्न होता. उमराव लोक मेंढ्या सोडायचे नाहीतर विळेवाल्यांची फौज ठेवायचे. १८३० साली एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं कापडाची लव भादरायच्या यंत्रावरून गवत कापायचं यंत्र काढलं आणि मखमलीसारखं अंगण मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आलं. तेच अंगण साहेबाबरोबर कँपात, जिमखान्यात, कलेक्टरच्या बंगल्यात आलं. साहेब गेला. पुण्याला ७०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही चार महिन्यांत पडणारा पाऊस होता तसाच राहिला. उरलेल्या आठ महिन्यांत थंडी धरून सरासरी ४ मिलिमीटर जरी रोज दिलं, तरी साडेनऊशे मिलिमीटर होतात. आकाशातून वर्षभरात येतं त्याहून जास्त.

पाणी हा झाला एक भाग. माझ्या मते खरी अडचण रंगाची आहे. आपल्याला पिवळ्याची लाज वाटायला लागली आहे. दख्खनचं गवत दसऱ्यानंतर पिवळं होतं, मार्गशीर्षात सोनेरी, फाल्गुनात राखाडी. मृगाचे दोन शिडकावे आले की आठ दिवसांत हिरवं. मरत नाही, झोपतं. हरळीसुद्धा झोपते, पाणी तोडलं तर ती वाळल्याचं सोंग घेते आणि पहिल्या पावसाला उठते. शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. पण शहरातल्या बागेत जानेवारीत गवत पिवळं पडलं की नगरसेवकाचा फोन येतो, "बाग मेली का?" मग बोअर, मग टँकर.

आम्ही एक प्रयोग केला होता. बागेच्या मागच्या अंगाला, कुंपणालगत १० गुंठ्यांचा तुकडा होता, तिथं फक्त माळी जायचा. रोज ५,००० लिटर पाणी खाणारा. ते लॉन काढलं. म्हणजे काढायला घेतलं. दोन वर्षं हरळी खालून येतच राहिली आणि मुकादम प्रत्येक वेळी माझ्याकडं बघून मिशीत हसत राहिले. मृगात तरवड, धायटी, करवंद, निर्गुडी लावली, दोन आपटे, एक बहावा, मधल्या जागेत मारवेल गवताचे ठोंब. सगळ्या बागेतला पालापाचोळा, जो आधी जाळायचो, तो आळ्यांत वीतभर पसरला. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा झारीनं पाणी, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, तिसऱ्यात बहावा आणि आपटे सोडून कुणालाच नाही.

पहिल्या वर्षी तो तुकडा दिसायला वाईट होता. काड्या आणि पाचोळा. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एका निवृत्त गृहस्थांनी आयुक्तांना पत्र दिलं : उद्यानाचं माळरान केलं आहे, साप निघण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्या पत्राची झेरॉक्स माझ्याकडं आहे. त्यांनी शिवी म्हणून लिहिलेला शब्द मला अगदी अचूक वाटला. माळरान! सोलापूर, नगर, बारामती, माण, सांगोला, ही आपली खरी भूमी. तिची बाग केली तर ती माळासारखी दिसणार, महाबळेश्वरसारखी कशी दिसेल?

तिसऱ्या भाद्रपदात तरवड फुलला. ज्यांनी तो फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल त्यांना सांगतो, जवळून त्याचा पिवळा फार गडद असतो, आणि पाकळ्यांवर बारीक शिरा दिसतात. मारवेल गुडघ्याएवढा झाला होता, जांभळट तुरे आले होते. मुनियांचा एक थवा त्याच्या बियांवर यायला लागला. पक्ष्याच्या वजनानं काडी वाकायची, पक्षी पुढच्या काडीवर, पुन्हा ती वाकायची. शाळेची पोरं तिथं रेंगाळायची. ते पत्रवाले गृहस्थही एक दिवस पिशवी घेऊन आले. तरवडाची फुलं साखरेवर चालतात असं त्यांना कुणी सांगितलं होतं. वैद्याला विचारा म्हटलं, पण फुलं घेऊ दिली. पुढं माझी बदली झाली, आणि सहाव्या वर्षी तिथं सेल्फी पॉइंट आला. भोवती मेक्सिकन लॉन.

म्हणून आता थोडं सावधगिरीचं बोलतो, कारण हे व्याख्यान छापून येणार आहे आणि ते एखाद्या ठेकेदाराच्या हाती लागेल. गवत काढणं म्हणजे पेव्हर ब्लॉक बसवणं नव्हे. आपल्याकडं कुठल्याही प्रश्नाचं उत्तर पेव्हर ब्लॉकवर येऊन थांबतं. उन्हात तापणारी फरशी आणि त्याहून तापणारं प्लॅस्टिकचं गवत हे पाणी वाचवतं, पण माणसाला बागेतून हाकलून देतं. लास वेगासच्या अनुदानातही अट आहे, की झाडंझुडपं पूर्ण वाढल्यावर निम्मी जागा तरी त्यांनी झाकली गेली पाहिजे. नुसती खडी टाकून पैसे मिळत नाहीत. आणि त्यांचीही एक चूक बघण्यासारखी आहे. गवत काढलं, फवारे बंद झाले, आणि त्या ओलीवर वाढलेली जुनी मोठी झाडं वाळू लागल्याच्या तक्रारी आल्या. गवताचं पाणी तोडताना झाडाला वेगळं ठिबक द्यायला हवं, हे आधी ठरवायचं असतं. उघडी माती ठेवली तर काय होतं ते दादरच्या शिवाजी पार्कच्या रहिवाशांना विचारा. लाल धुळीशी त्यांचं वर्षानुवर्षांचं भांडण आहे.

प्रक्रिया केलेलं सांडपाणी गवताला देऊ, असं हमखास कुणीतरी म्हणतं. द्यावं. पण प्रकल्पापासून बागेपर्यंत नळ नसतो, मग तेही पाणी टँकरनंच येतं, डिझेल जाळून. ते पाणी आधी ज्या नदीचं आहे तिला मिळू दे असं मला वाटतं.

आणि सगळीकडचं गवत काढा असं मी म्हणत नाही. जिथं पोरं लोळतात, क्रिकेट खेळतात, जिथं संध्याकाळी बायका डबे उघडून बसतात, ते गवत राहू दे, त्याला पाणीही द्या. झोपडपट्टीशेजारच्या बागेतलं दोन गुंठे गवत हे तिथल्या पोरांचं एकमेव अंगण असतं. त्याच्यावर कात्री चालवायला सगळ्यात आधी लोक तयार होतात, कारण तिथून फोन येत नाही.

बदल करायचा तर फार खर्च लागत नाही. पहिल्या वर्षी नुसतं एवढंच करा : दिवाळीनंतर बिनकामाच्या हरळीचं पाणी बंद. काही उपटू नका, काही लावू नका. तिला झोपू द्या. लोक चार महिने कुरकुर करतील, जूनमध्ये ती उठेल आणि कुरकुर थांबेल. दुसऱ्या वर्षी तिथं काय लावायचं ते जवळच्या टेकडीवर जाऊन बघा. मे महिन्यात तिथं जे पाण्यावाचून उभं असेल, ते लावा.

तुमच्यापैकी बरेच जण उद्या सकाळी फिरायला जाल. आपापल्या बागेत किती पाट्या आहेत ते मोजा, प्रत्येक पाटीमागचं गवत पावलांनी मोजा, चौरस मीटरला पाचनं गुणा, आणि तो आकडा साध्या कागदावर लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका. सुरुवात कुठून करायची असं तिथल्या साहेबांनी विचारलं तर सांगा, जिथं तुम्हीच चालू नका म्हणून लिहिलं आहे, तिथून.